नमद्याचे मोजमाप

जुन्या मोटारसायकलींविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा त्यांच्या आवाजाविषयी, चकाकत्या टाकीविषयी आणि मालकाच्या हौसेविषयी असते. परंतु ज्या यःकश्चित वस्तूवर त्या सर्व वैभवाचे आयुष्य अवलंबून आहे, त्या ऑइल फिल्टरकडे, तो दृष्टीआड वसत असल्यामुळे, इंजिन कण्हू लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या बुलेट जिवापाड जपणारे लोक आणि त्या उघडून पुन्हा जुळवू शकणारे मिस्त्री अद्याप आहेत, तेव्हा या उपेक्षिताची कैफियत येथेच मांडणे योग्य.

बुलेटचेच उदाहरण घ्यायचे, कारण राजदूत वा येझदी बाळगणाऱ्यांना ही विवंचना नाही. त्या टू-स्ट्रोक यंत्रांत तेल पेट्रोलबरोबर जळून जाते, गाळायला उरतच नाही. १९५५ साली मद्रासेत जिची जुळणी सुरू झाली त्या बुलेटच्या ओतीव लोखंडी सिलिंडरच्या इंजिनात मात्र तेच तेल पुनःपुन्हा फिरते. पंप ते टाकीतून उचलतो, टायमिंग कव्हरमधील कोठडीत बसवलेल्या नमद्याच्या (फेल्टच्या) नळकांड्यातून, म्हणजेच फिल्टरातून, ते गाळले जाते आणि मग क्रँकच्या पोकळ वाटेने कनेक्टिंग रॉडच्या बिग एन्डपर्यंत पोहोचते. नमदा चेपला, किंवा मागल्या दुरुस्तीत त्याची स्प्रिंग अथवा वॉशर कोणी गहाळ केला, तर न गाळलेले तेल लोखंडाच्या किसासह कडेने निसटते. उलट नमदा चोंदला तर तेलाची आवकच खुंटते, आणि काही रुपयांच्या वस्तूपायी सबंध इंजिन उतरवण्याचा प्रसंग येतो.

दुसरे दुखणे त्या कोठडीच्या झाकणाचे. तेल झिरपू लागले की नट आणखी आवळावा, हा आपल्याकडील शिरस्ता. पोलादापुढे ॲल्युमिनियमचे आटे टिकाव धरीत नाहीत, ते निघून येतात, आणि मग कोणी त्यात एम-सील भरून वेळ मारून नेतो. खरा उपाय फार कठीण नाही: गेलेले आटे साफ करून तेथे पोलादी हेलिकॉइल बसवावी, झाकणाची बैठक सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून घासावी, पॅकिंग नवे घालावे, आणि मिटण्यापूर्वी ती कोठडी तेलाने काठोकाठ भरावी, म्हणजे पहिल्या किकेला बिग एन्ड कोरडा फिरणार नाही. इंजिन चालू झाल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा सांधा किंचित सैल करून तेल वर चढते आहे की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जो मिस्त्री गाडी ताब्यात देतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे सर्व यथासांग करूनही जो प्रश्न शिल्लक उरतो, तो नव्या नमद्याचा. बाजारात मिळणारा नमदा अस्सल असेलच याची हमी नाही; तो दिसायला हुबेहूब, पण लांबीला थोडा आखूड किंवा पोताला अधिक घट्ट असतो, आणि त्याची योग्य लांबी, जाडी व घनता किती, हे सांगणारा अधिकृत कागद दुकानदाराजवळ नसतो, मिस्त्रीजवळ नसतो, मालकाजवळ तर नसतोच. कौशल्याची येथे वाण नाही. वागळे इस्टेटीतील आणि डोंबिवली एमआयडीसीतील लेथवर काम केलेले टर्नर, अंबरनाथेस १९५३ साली निघालेल्या मशिन टूल प्रोटोटाइप कारखान्याच्या परिसरात वाढलेले कारागीर, आणि कल्याणजवळ प्रीमियरच्या आवारात जेव्हा प्यूजो मोटारी बनत तेव्हा तेथे हात बसलेले लोक, यांना मोजमाप हाती दिले तर वॉशर, स्प्रिंग वा झाकण बनवून देणे मुळीच जड नाही. ते मोजमापच त्यांना मिळत नाही.

वास्तविक त्याआड कायदा येत नाही. आपल्याकडे पेटंटची मुदत २० वर्षांची आणि नोंदलेल्या डिझाइनची अधिकात अधिक १५ वर्षांची आहे. ज्या भागांची आखणी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, त्यांच्यावर असा हक्क आता कोणाचाही उरलेला नाही. मात्र कायदा आडवा येत नसला, तरी मदतीलाही येत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी ‘व्हिन्टेज’ नोंदणीची स्वतंत्र तजवीज केली, वीस हजार रुपये फी ठरवली आणि अशी वाहने नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नयेत असा दंडकही घातला. पुढे २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले, त्यात मोटार-उद्योगाचाही अंतर्भाव केला. पहिली तजवीज जुन्या गाडीला प्रदर्शनीय वस्तू समजते, दुसरी प्रामुख्याने कंपन्यांच्या सद्भावनेवर विसंबते. रोज कामावर जाण्यासाठी तीस वर्षांची बुलेट काढणाऱ्या डोंबिवलीकराला दोहोंतून फारसे काही लाभत नाही.

म्हणून मागणी एवढीच, की एखाद्या इंजिनाचे उत्पादन थांबले म्हणजे त्यातील झिजणाऱ्या भागांची, अर्थात फिल्टर, वॉशर, पॅकिंग, स्प्रिंग यांची मापे आणि धातूचा वा नमद्याचा प्रकार निर्मात्याने पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थेच्या दप्तरी दाखल करणे सक्तीचे करावे, आणि त्यांच्या नकला मागेल त्या कारखानदारास व आयटीआयला अल्प शुल्कात मिळाव्यात. यामुळे नकली मालाला ऊत येईल असा आक्षेप कंपन्या घेतील. पण आज जो नकली माल खपतो आहे, तो पारखायला ग्राहकाजवळ कोणतेही प्रमाण नसल्यामुळेच खपतो आहे. आणि प्रत्येक भाग असा दाखल करण्याचा खर्च कोणी भरायचा, हा प्रश्न रास्त असला, तरी ज्या आराखड्यांवरून हजारो इंजिने ओतली गेली त्यांची प्रत काढायला कितीसा खर्च येणार, याचे उत्तर आधी कंपन्यांनीच द्यावे.