दुसरी किल्ली

१९९४ साली आमच्या शाखेत सर्व्हर आला. त्याच्यासाठी काचेची खोली झाली, एसी बसला. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये तेव्हा साधा पंखाच होता. मला बऱ्यापैकी टायपिंग येतं, एवढ्या भांडवलावर त्या पाहुण्याची सरबराई माझ्याकडे आली.

संध्याकाळी व्यवहार जुळले की 'डे-एंड' करायचं, टेपवर बॅकअप घ्यायचा, रजिस्टरात सही करायची. वीज गेली की यूपीएस किंचाळू लागे आणि बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद करायला मी धावत सुटे. एके दिवशी डिस्कच गेली. टेप लावली, वाचली जाईना. आदल्या दिवशीची तशीच, त्याआधीचीही तशीच. चौथी चालली. तीन दिवसांची व्हाउचर्स आम्ही सहा जणांनी रात्रभर बसून पुन्हा भरली. रजिस्टरात माझ्या सह्या मात्र रोजच्या रोज होत्या. घेतलेला बॅकअप परत उतरवून पाहावा, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

मोठ्यांचंही असं होतं. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट घडत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या, आणि बॅकअप तर बिघडलेला. गेलिन सुसमन या तंत्रज्ञ बाई बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावरच्या प्रतीने चित्रपट वाचवला.

निवृत्तीनंतर मी हौसेने घरी छोटा सर्व्हर बसवला. त्यावर घरचे फोटो, विम्याचे कागद, माझ्या कादंबऱ्यांचे खर्डे. आत दोन डिस्क. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उमटतं. मी निर्धास्त होतो. मग नातवाच्या बारशाचे फोटो माझ्याच हातून पुसले गेले, आणि त्याच क्षणी ते दुसऱ्या डिस्कवरूनही गेले. डिस्क बिघडली तर ही जोडी उपयोगी. मालक बिघडला तर नाही. तेव्हापासून तिसरी प्रत बहिणीच्या घरी असते, आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उतरवून पाहतो.

तरी खरी परीक्षा पुढेच होती. गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. इंजेक्शनने डोळे जड झालेले, आणि सौ. खाटेशेजारी वाकून विचारतेय, "अहो, पॉलिसीचे कागद त्या डब्यात आहेत ना? पासवर्ड काय त्याचा?" मला धड सांगता येईना.

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. उभी नोकरी हा नियम पाळलेल्या मी घरच्या साऱ्या किल्ल्या मात्र एकट्याच्या डोक्यात ठेवल्या होत्या. आपल्यापैकी अनेक घरांत हेच चाललेलं असतं. सर्व्हर नसेल, पण फोन, ईमेल, बँकेची खाती आहेतच, आणि ती सांभाळणारा माणूस एकच. त्याला आपण 'हुशार' म्हणतो. माझ्या मते तो घराचा सर्वांत कच्चा दुवा आहे.

आता सगळं कागदावर लिहून पाकीट कपाटात ठेवलंय. पण उघडून न पाहिलेलं पाकीट आणि न तपासलेली टेप यांत फरक तो काय? म्हणून गेल्या रविवारी सौ.ला म्हटलं, मला न विचारता पॉलिसी काढून दाखव.

पाऊण तास लागला. "तुमच्या कादंबरीसारखंच लिहिलंय," ती म्हणाली, "मधलं काही कळत नाही." मग पेन घेऊन तिने माझ्या तीन पायऱ्या खोडल्या आणि आपल्या अक्षरात पाच लिहिल्या. पाकिटात आता तोच कागद आहे.