ट्रिगर कुठे हरवला?

बंदुकीचा चाप ओढला की गोळी सुटते हे तुम्हांला ठाऊक आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतही असाच एक चाप असतो. त्याला ट्रिगर म्हणतात. ‘आता मोजायला लाग’ असा हुकूम देणारा विजेचा छोटासा स्पंद म्हणजे ट्रिगर. १९४७ साली टेक्ट्रॉनिक्स कंपनीने ५११ या क्रमांकाचा ऑसिलोस्कोप तयार केला, त्याचे मोठे वैशिष्ट्य हेच होते. पडद्यावरील प्रकाशाचा ठिपका आपल्या मर्जीने न धावता, येणाऱ्या संकेताने चाप ओढल्यावरच धावू लागे. त्यामुळे पळते चित्र पडद्यावर स्थिर उभे राहिले.

आज मोठ्या प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत मोजमापाची उपकरणे नेहमीच सुटी सुटी नसतात. एका खोक्यात ओळीने खण असतात आणि पुस्तके कपाटात सरकवावीत तशी त्यांत कार्डे सरकवतात. एक कार्ड व्होल्टता मोजते, दुसरे तरंग निर्माण करते, तिसरे वेळ मोजते. १९९७ साली आलेली ‘पीएक्सआय’ ही अशीच एक पद्धत आहे. खोक्याच्या पाठीमागे एक मोठी छापील फळी असते आणि तिच्यावरून ट्रिगरसाठी आठ सामाईक तारा सर्व खणांना जोडून जातात. कोणत्या कार्डाने कोणत्या तारेवर बोलायचे आणि कोणी ऐकायचे, हे संगणकाची आज्ञावली ठरवते. तार आहे, पण वाट डोळ्यांना दिसत नाही. अडचण सुरू होते ती इथेच.

समजा, तिसऱ्या खणातील कार्डाने ट्रिगर सोडला, पण पंधराव्या खणातील कार्ड ढिम्म हालत नाही. संगणक ‘वेळ संपली’ एवढेच सांगतो. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? कार्ड काढून दुसरे बसवतात. मग केबल बदलतात. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करतात. माझे स्पष्ट मत असे की, याला दुरुस्ती म्हणू नये. ही सोडत आहे. कधी कधी बक्षीस लागतेही, पण दोष कशात होता हे कळलेले नसते, आणि पुढच्या आठवड्यात तोच दोष पुन्हा हजर होतो.

वर दिलेल्या उदाहरणात बहुधा दोन्ही कार्डे निर्दोष असतात. १८ खणांच्या अनेक खोक्यांत ती आठ तारांची जुडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग नसते. तिचे तीन तुकडे असतात आणि तुकड्यांच्या सीमेवर एक इलेक्ट्रॉनिक फाटक असते. फाटक उघड, आणि अमुक दिशेने उघड, असे आज्ञावलीने सांगितले नाही तर ट्रिगर सीमेवरच थांबतो. गंमत अशी की, सीमेच्या दोन्ही बाजूंना तारेचे नाव एकच असते! नाव एक म्हणून तार एक, असे आपण धरून चालतो.

इतरही कारणे आहेत. दोन कार्डे एकाच तारेवर एकदम बोलू लागली तर कोणाचेच धड ऐकू येत नाही. एक कार्ड स्पंदाच्या चढत्या कडेवर हुकूम देते आणि दुसरे उतरत्या कडेची वाट पाहते. मग मोजमाप सुरू होते, पण उशिरा. हा दोष फार लबाड, कारण वरवर सारे ठीक चाललेले दिसते.

मग करावे काय? वाट कागदावर काढावी. उगमापासून शेवटापर्यंतचे सर्व टप्पे लिहावेत आणि बरोबर मध्यावर ऑसिलोस्कोप लावून पाहावा. तिथे स्पंद दिसला तर पहिला अर्धा भाग निर्दोष. नाही तर दोष त्याच अर्ध्यात. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य घ्यावा. आठ टप्पे असतील आणि दोष एकच असेल, तर तीन तपासण्यांत तो सापडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.

हे फार क्षुल्लक वाटते का? मग इटलीतील ‘ऑपेरा’ प्रयोगाचे पाहा. जिनिव्हाजवळील सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटर दूर, ग्रान सासो येथील भूगर्भातील प्रयोगशाळेत पोहोचत. सप्टेंबर २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, ते प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर येतात असे दिसते. जगभर खळबळ उडाली. खरे ठरले असते तर सापेक्षता सिद्धांतालाच धक्का होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये मुख्य दोष जाहीर झाला. जमिनीवरून वेळेचा संकेत खाली नेणाऱ्या ८.३ किलोमीटर लांब प्रकाशतंतूचा एक जोड नीट घट्ट बसलेला नव्हता. प्रकाश कमी पोहोचे, त्यामुळे पलीकडच्या मंडलातील व्होल्टता ‘संकेत आला’ असे म्हणण्याइतकी चढायला सुमारे ७३ नॅनोसेकंद जास्त लागत. खालचे घड्याळ मागे पडे आणि पाहुणे लवकर आल्यासारखे वाटत. दुसरा एक दोष उलट दिशेने सुमारे १५ नॅनोसेकंदांचा होता. संकेत हरवला नव्हता, फक्त रेंगाळला होता. निष्कर्षावर आपलाच विश्वास बसत नसल्याने त्या मंडळींनी इतरांना तपासायला सांगितले होते, हे मला त्या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते.

आता आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेकडे वळू. टेबलावर सर्व जोडून, तपासून ठेवलेले असते. विद्यार्थ्याने बटण दाबायचे आणि वाचने लिहायची. (ती कधी कधी शेजारच्या वहीतून येतात, ही गोष्ट वेगळी.) मंडल चालले नाही तर विद्यार्थी हात वर करतो आणि प्रयोगशाळा परिचर येऊन दोन मिनिटांत दोष काढतो. म्हणजे त्या तासातले खरे भौतिकशास्त्र परिचर करतो आणि गुण विद्यार्थ्याला मिळतात! माझे म्हणणे असे की, २० गुणांपैकी निदान ५ गुण मुद्दाम ठेवलेला दोष शोधण्यासाठी असावेत. तेही केवळ दोष सापडल्याबद्दल नकोत, तर कोणत्या क्रमाने काय तपासले या नोंदीबद्दल असावेत. माझे काही सहकारी म्हणतात की, वेळ पुरणार नाही आणि मुले उपकरणे जाळतील. वेळेची अडचण खरी आहे. त्यासाठी प्रयोगांची संख्या कमी करावी लागली तरी मला चालेल. उपकरणे जळण्याची भीती मात्र टॉर्चच्या सेलवर चालणाऱ्या मंडलात उरत नाही.

शाळेने हे सुरू करेपर्यंत घरी करून पाहा. भिंतीवरच्या प्लगला मात्र हात लावू नका. टॉर्चचे दोन सेल, एक बटण, टॉर्चचा एक दिवा आणि तारांचे तुकडे घेऊन आठ सांध्यांची साखळी बनवा. मित्राला त्यातला एक सांधा आतून चिकटपट्टी लावून गुपचूप तोडायला सांगा. आता दुसऱ्या एका दिव्याला दोन तारा जोडा. एक तार सेलच्या ऋण टोकाला लावा आणि बटण दाबून दुसरी साखळीच्या मध्यावर टेकवा. दिवा लागला तर तिथपर्यंतची वाट शाबूत आहे. मित्राने एकाऐवजी दोन सांधे तोडून ठेवले असतील, तर मात्र तीन तपासण्या पुरणार नाहीत. पहिला दुरुस्त केल्यावरही दिवा लागणार नाही आणि पुन्हा मध्यापासून सुरुवात करावी लागेल.