सर्वांत मागे चालणारा



मागील हिवाळ्यात माझ्या हातून एक अपराध घडला. कायद्याच्या पुस्तकात तो सापडणार नाही, आणि प्रायश्चित्त-संस्कारापूर्वी आपण जे आत्मपरीक्षण करतो त्यातही तो सहसा आठवत नाही. म्हणूनच तो आज या सदरात सांगावयाचे योजिले आहे.

सुरत शहराच्या ज्या भागात आम्ही मराठी कुटुंबे राहतो, तेथील चारपाच मंडळी पहाटे बागेत फिरावयास जातो. आमच्याच धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहतात. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे झिजलेले, हाती काठी. एके सकाळी मोठ्या हौसेने तेही आमच्याबरोबर निघाले. पहिल्या वळणावर आम्ही त्यांच्यासाठी थांबलो. दुसऱ्या वळणावर मीच म्हणालो, “आपण एक फेरी मारून येऊ; तोवर बाबा सावकाश येतील.” फेरी मारून आलो, तो बाबा बाकावर बसलेले. “तुम्ही चला, माझ्यापायी खोळंबा नको,” असे ते हसून म्हणाले, आणि आम्ही चालू लागलो. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुढे रविवारच्या मिस्सेलाही ते दिसेनासे झाले. पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू त्यांना घरी ख्रिस्तप्रसाद देऊन येऊ लागले.

महिन्याभराने मी जिने चढून त्यांच्याकडे गेलो. गुडघा फार दुखतो काय, असे विचारले. ते क्षणभर थांबून म्हणाले, “चालणं जमतं भाऊ, मागं राहणं जमत नाही.”

हे वाक्य ऐकून मी खाली मान घातली. आम्ही त्यांना टाकून गेलो होतो, आणि तेही व्यायामाच्या नावाखाली!

सुरतेतील आपल्या वृद्धांची स्थिती वाचकांनी थोडी ध्यानात घ्यावी. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत जी असंख्य मराठी कुटुंबे आहेत, त्यांतील पुष्कळशी जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी येथे आली. तरुणांनी कापडाच्या धंद्यात पाय रोवले. यंत्रमागावर आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांत बाराबारा तासांच्या पाळ्या उभ्याने केल्या. मागाहून गावाकडचे आईवडील आले. गावी त्यांना ओटा होता, पार होता, शेताची वाट होती. न ठरवता दिवसाकाठी चालणे होई आणि चार माणसे भेटत. येथे जिना आहे, आणि जिना उतरताच वाहनांची दाटी. गुडघा दुखतो म्हणून माणूस खाली उतरत नाही; उतरत नाही म्हणून मांडीचे स्नायू क्षीण होतात; स्नायू क्षीण झाले की गुडघ्यावरचा भार वाढतो आणि तो अधिकच दुखतो. या फेऱ्यात सापडलेला माणूस वर्षभरात खिडकीपुरता उरतो.

वैद्यकशास्त्राचे मत याविषयी स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान तीन दिवस तोल व शक्ती राखणाऱ्या व्यायामाची तिला जोड द्यावी. परंतु ज्याला एवढे झेपत नाही त्याने निराश होऊ नये; काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, असेही तीच संघटना सांगते. दहा पावले चालून बसणाऱ्याचेही चालणे हे चालणेच आहे.

मग अडते कोठे? अडते ते आम्हा धडधाकटांच्या घाईपाशी. विल्यम बर्ड या डॉक्टरांनी १९९० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील सॉनिंग कॉमन या गावी आपल्या रुग्णांसाठी सामुदायिक फिरण्याचा उपक्रम काढला. पुढे तो त्या देशात दूरवर पसरला. अशा गटांत एक साधा नियम पाळतात. एक स्वयंसेवक पुढे असतो, आणि दुसरा सर्वांत शेवटी. शेवटच्याने कोणाच्याही पुढे जावयाचे नाही. त्याच्या मागे कोणी राहिलेला नाही, एवढेच त्याचे काम. हा नियम वाचला तेव्हा मला वाटले, आमच्या गटाला वाट ठाऊक असलेला पुढारी पुष्कळ होता. हा शेवटचा माणूस मात्र नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. चालता चालता बोलणे सुरू होताच जे वृद्ध थबकतात, त्यांना पुढील सहा महिन्यांत पडण्याचा धोका अधिक असतो, असे त्यांना आढळले. अशा माणसाचे सारे लक्ष तोल सांभाळण्यात गुंतलेले असते. तेव्हा आजी बोलण्यासाठी थांबल्या, तर त्यांना “चला, चला” म्हणू नये. आपणही थांबावे, त्यांचे बोलणे पुरे होऊ द्यावे, आणि मग पाऊल उचलावे.

विश्रांती हा चालण्याचाच भाग आहे, ही गोष्ट सुरतकरांना नवी वाटू नये. १९३० साली गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले तेव्हा त्यांची साठी पूर्ण झालेली होती. १२ मार्च ते ५ एप्रिल या काळात त्यांनी सुमारे ३८५ किलोमीटर अंतर हाती बांबूची काठी घेऊन तोडले. १ एप्रिलला ते सुरतेत होते, आणि दुसऱ्या दिवशी डिंडोलीत. होय, आज जेथे आपली खानदेशी मंडळी राहतात त्याच डिंडोलीत. त्यांची चाल मंद नव्हती; तरुणांनाही ती जड जाई. परंतु त्या यात्रेची आखणी पाहावी. रोजचे अंतर सकाळ व संध्याकाळ असे दोन टप्प्यांत वाटलेले होते आणि सोमवारी मुक्काम असे. न चालवले तर बसता यावे म्हणून मागे एक घोडाही ठेवलेला होता. त्याचा उपयोग त्यांनी केला नाही, ही गोष्ट वेगळी. एवढ्या निश्चयी पुरुषाच्या यात्रेतही थांबण्याची सोय आधीच ठरलेली होती. मग आमच्या बागेतल्या फेरीत ती असू नये काय?

पवित्र शास्त्रात याकोबाची कथा आहे. यब्बोकच्या उतारावर रात्रभर झुंज झाली, आणि सूर्योदयाच्या वेळी तो लंगडत निघाला. त्याच दिवशी त्याची भेट भाऊ एसावाशी झाली. एसाव म्हणाला, आपण बरोबर जाऊ. तेव्हा याकोबाने त्याला विनविले की, आपण पुढे व्हावे; माझ्याबरोबर कोवळी मुले आहेत, दूध पाजणारी गुरे आहेत; त्यांना झेपेल त्या चालीने मी मागून येतो. हा भाग मी अनेकदा वाचला होता. पण स्वतः लंगडणाराच दुर्बळांची चाल ओळखतो, हे मला बाबांमुळे कळले. एमाऊसच्या वाटेवरही पुनरुत्थित प्रभू येशूने त्या दोन खिन्न शिष्यांना गाठले ते त्यांना मागे टाकण्यासाठी नव्हे. तो त्यांच्या पावलाने त्यांच्या गावापर्यंत चालला.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धजन यांच्यासाठी जागतिक दिन सुरू केला. संत जोआकिम व संत अन्ना यांच्या सणाच्या सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारी तो पाळला जातो. पुढच्याच वर्षी गुडघ्याच्या दुखण्याने पोप स्वतः चाकांच्या खुर्चीवर आले, आणि त्याच खुर्चीतून ते जुलै २०२२ मध्ये कॅनडातील मूलनिवासी बांधवांची क्षमा मागावयास गेले. पाय थकले म्हणून त्यांनी बाहेर पडणे सोडले नाही.

आता आमच्या गटाविषयी. आठवड्यातून दोनदा आम्ही सहासात जण वृद्धांना घेऊन सपाट वाटेने निघतो. अंतर फेऱ्यांनी मोजत नाही, बाकांनी मोजतो: या बाकापासून त्या बाकापर्यंत. एक घडीची खुर्ची आणि पाणी बरोबर असते. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या एक आजीही “फिरायला” येतात. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी परततो. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर न जाता देवळाच्या व्हरांड्यात चालतो. आरंभी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे. छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली, तर तेथेच थांबावयाचे, असा नियम आहे.

काठीविषयी दोन शब्द, कारण येथे बहुतेकांची चूक होते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूस नव्हे, तर विरुद्ध हातात धरावी. ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. हात सरळ खाली सोडला असता मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. तळाचे रबर झिजले की बदलावे. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना काठी व दुखरा पाय आधी. सपाता नकोत, मागून पट्टा असलेली पादत्राणे बरी.

बाबांना पुन्हा खाली आणावयास मला तीनदा जिने चढावे लागले. तिसऱ्या वेळी मी एवढेच म्हणालो, “बाबा, सर्वांत मागे मी चालणार आहे. तुम्ही माझ्या पुढे राहा.” ते आले. पहिल्या दिवशी एक बाक झाला. हल्ली तीन होतात. गेल्या रविवारी नातवाचा हात धरून ते मिस्सेला आले आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहिले. रांग मंदावली, कोणी कुरकुरले नाही.

वाचकहो, येत्या रविवारी देवळाबाहेर पडताना क्षणभर मागे वळून पाहावे. पायऱ्यांवर कोणी कठडा धरून उतरत असेल, तर आपण दोन पायऱ्या परत चढाव्यात. आणि जे आता देवळात दिसतच नाहीत, त्यांच्या दाराशी जाऊन एवढेच विचारावे, “उद्या सकाळी याल का? मी मागे चालेन.”