ताहोच्या पाण्याची राखण

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेव्हाडा पर्वतात ताहो हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याची खोली सुमारे ५०० मीटर आणि निळाई जगप्रसिद्ध. या पाण्याची नितळता मोजण्याची रीत मात्र अगदी साधी. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. १९६८ मध्ये वर्षाची सरासरी ३१ मीटर होती. अलीकडे ती २० मीटरच्या आसपास असते.

अशा वेळी नौकाविहारच बंद करावा, असे कोणासही सुचेल. १९६९ मध्ये दोन्ही राज्यांच्या करारातून उभ्या राहिलेल्या ताहो प्रादेशिक नियोजन संस्थेने तसे केले नाही. १९९९ पासून तिने कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना मज्जाव केला, कारण त्यांतले पुष्कळसे इंधन न जळताच पाण्यात उतरत असे. नौका राहिल्या, इंजिने बदलली.

२००७ मध्ये दूरच्या मीड सरोवरात क्वागा जातीचे उपद्रवी शिंपले सापडले. नौकेच्या तळाशी राहिलेल्या थोड्याशा पाण्यातूनही त्यांचा प्रसार होतो. म्हणून २००८ पासून ताहोत उतरणाऱ्या प्रत्येक मोटारनौकेची तपासणी सक्तीची झाली. २०२४ पर्यंत ती स्वच्छ व कोरडी नसल्यास गरम पाण्याने धुतली जाई, शुल्क मालकाकडून. परत निघताना नौका ट्रेलरला तारेने बांधून सील करता येते. ते सील शाबूत असेल, तर पुढील खेपेस पुन्हा तपासणी नाही. नियम पाळणाऱ्याचा वेळ वाचवणारी ही तरतूद शहाणपणाची आहे. आपल्याकडील कित्येक नियमांत नेमके तेवढेच राहून जाते.

तरीही नौकावाल्यांची नाराजी अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नितळता घटण्याचे मोठे कारण त्यांच्या नौका नव्हेत, तर रस्त्यांवरून व वस्त्यांतून वाहून येणारे अतिसूक्ष्म कण आहेत. हिवाळ्यात गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर वाळू टाकतात. ती चाकांखाली भरडली जाते आणि वितळत्या बर्फाबरोबर सरोवरात उतरते. नौकेला धक्क्यावर अडवता येते. मोटारीने येऊन, काठावर घटकाभर रमून परतणाऱ्या पर्यटकाला कोठे अडवायचे? सरोवराच्या खोऱ्यात शिरणाऱ्या वाहनांवर शुल्क बसवावे, अशी चर्चा तेथे अधूनमधून होते. ते भरण्याची पाळी तेथील रहिवाशांवर, रोज कामाला येणाऱ्यांवरही येईल काय, या प्रश्नाशी ती येऊन थांबते.