रावान तापवावं लागतं

मागे मॉरिशसच्या सहलीचे फोटो टाकले होते, तेव्हा सेगा नाचाचा फोटो बघून मावशीनं विचारलं होतं, "हे खरंच पारंपरिक, की पर्यटकांसाठी?" मी घाईत "पारंपरिकच गं!" लिहून मोकळी झाले. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. म्हणून आज जरा सविस्तर.

सेगा ही मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांची देणगी. भाषा क्रिओल. साथीला रावान, म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेलं, डफासारखं मोठं वाद्य. शिवाय बिया भरलेलं खुळखुळणारं मारावान आणि एक त्रिकोण. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, पण सेगा राहिला. दिवसभर सोसलेलं रात्री त्यात गायचं, तेही बरेचदा आयत्या वेळी रचून.

आम्ही हॉटेलात पाहिला त्यात घेरदार झगे होते, हसरे चेहरे होते आणि कीबोर्डही होता. छान वाटलं. पण गाणं कशाबद्दल होतं, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मीही त्यातलीच.

दुसऱ्या दिवशीचे टॅक्सीवाले काका मराठी वंशाचे. पणजोबा कोकणातून गेलेले, आता घरात क्रिओलच. त्यांनी गाडीत काया लावला. कायानं १९८० च्या दशकात सेगा आणि रेगे एकत्र करून 'सेगे' घडवलं. गिटार, ड्रम्स, सगळं नवं. पण काका एकेका ओळीचा अर्थ हिंदीत सांगत होते, आणि त्यात गरिबांची, आजच्या माणसांची गाऱ्हाणी होती. हाच काया फेब्रुवारी १९९९ मध्ये पोलीस कोठडीत मरण पावला आणि अख्ख्या बेटावर दंगली उसळल्या. हे ऐकल्यावर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला वाटतं, जपायचं ते हेच. आपलं दुःख आपल्या भाषेत, आपल्या तालावर सांगण्याची सवय. हॉटेलनं झगे जपले आणि बोलणं सोडलं. कायानं वाद्यं बदलली, पण बोलणं जपलं. युनेस्कोनं २०१४ मध्ये पारंपरिक सेगा आपल्या वारसायादीत घेतला, आनंदच आहे. पण यादी गात नाही, माणसं गातात.

"मग काहीही बदललं तरी चालेल का?" असं कुणीतरी विचारणारच. नाही. रावानवरचा हात गुरूसमोर बसूनच शिकावा लागतो. तो हात हरवला, तर बदलायला तरी काय उरणार? काका सांगत होते, दमट हवेत रावानचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. वाजवण्याआधी दर वेळी ते आगीवर धरून तापवावं लागतं. काचेच्या कपाटात ठेवलेलं रावान कोण तापवणार?

तर मावशी, उत्तर बदलते. फोटोतले कपडे पारंपरिक होते. सेगा मी दुसऱ्या दिवशी टॅक्सीत ऐकला, त्याचा फोटो काढायचं सुचलंच नाही.