निसर्गात माणूस नको, बाई तर नकोच

गेल्या जुलैत नववीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीने घरच्या मोबाईलवर आईच्या पायांचा फोटो काढला. आई भातलावणी करून बांधावर टेकली होती. पोटऱ्यांपर्यंत वाळत आलेला चिखल, टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. चेहरा नाही. पाय कुठे संपतो आणि बांध कुठे सुरू होतो, ते पटकन कळत नाही. मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. ‘माती’ या विषयावरचे शेकडो निबंध तपासले असतील. एकानेही मला इतकं सांगितलेलं नाही.

फोटो तालुक्याच्या निसर्ग छायाचित्र स्पर्धेला पाठवला. परत आला. ‘चांगला आहे, पण यात माणूस आहे.’ पहिला नंबर कोणाला, तर हिरव्यागार भातखाचरांना! ती काय आपोआप उगवली? त्यातली एकेक काडी कोणाच्या तरी बोटांनी खोवलेली असते. बाईचं काम निसर्ग म्हणून चाललं, फक्त बाई दिसायला नको. परीक्षकांना एकट्यांना दोष देत नाही. फिआपसारख्या आंतरराष्ट्रीय संघटनांची निसर्ग छायाचित्राची व्याख्याही माणसाच्या खुणा टाळा असंच सांगते. अपवादांत माणसांच्या वस्तीला सरावलेली घुबडं आणि करकोचे येतात. म्हणजे छपरावर घरटं बांधणाऱ्याला सूट, छपराखाली राहणाऱ्याला नाही.

मग मी तो फोटो शाळेच्या भिंतीवर लावला. चौथ्या दिवशी मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मुख्याध्यापकांना भेटून गेले. ‘परक्या बाईचे उघडे पाय भिंतीवर?’ संध्याकाळपर्यंत फोटो उतरला. मला कोणी विचारलं नाही.

सतरचा मसला मला ठाऊक आहे आणि तो मी हलका समजत नाही. पण हेच पाय सबंध पावसाळा शेतात उघडे असतात. रस्त्यावरून येणारा-जाणारा बघतो. तेव्हा हया कोणाला आठवत नाही, कारण तेव्हा त्या पायांवर घरात येणाऱ्या भाताचा हिशेब असतो. आईची परवानगी घेतली होती. ती हसून एवढंच म्हणाली, ‘माझ्या पायांत बघण्यासारखं काय आहे?’ या एका वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून मी तो लावला होता.

‘असले फोटो काढतं कोण?’ असंही ऐकवलं गेलं. अना मेंडिएटाने काढले. 1948 मध्ये हवानात जन्मलेली ही मुलगी 1961 मध्ये बहिणीसोबत क्यूबातून अमेरिकेला पाठवली गेली आणि आयोवात अनाथालयांत, परक्या घरांत वाढली. जमीन तुटलेल्या या बाईने 1973 पासून काही वर्षं आयोवात आणि मेक्सिकोत चिखल, फुलं, वाळू, आग यांतून आपल्या शरीराची आकृती जमिनीवर उमटवली आणि तिचे फोटो काढले. 1976 मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वाळूत आकृती कोरली, तिच्यात लाल रंग भरला आणि लाटा ती पुसत असताना फोटो घेतले. काम मातीत गेलं, उरले फोटो. कॅलिफोर्नियाच्या लॉरा अ‍ॅग्विलारने 1996 मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात स्वतःचं स्थूल शरीर शिळांशेजारी मिटून बसवलं. शिळा कोणती आणि पाठ कोणती, क्षणभर थांबावं लागतं. ते नग्न फोटो आहेत, मी वर्गात दाखवणार नाही. माझीही मर्यादा आहे, लपवत नाही. पण वाळूतली आकृती दाखवली. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘टीचर, ही तर कबर.’

त्याला ते कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या पोरांना ते कळणारच. आदम मातीचा, हे घराघरांत सांगतात. पाणी नसेल तर तयम्मुम, म्हणजे पाक मातीवर हात मारून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे. सजद्यात कपाळ जमिनीला. आणि शेवटी मराठीत मातीला जातात, उर्दूत मिट्टी देतात. शरीर आणि माती यांची इतकी जवळीक ज्यांच्या रोजच्या इबादतीत आहे, त्यांनी मातीने माखलेल्या पायांना बेशरम म्हणावं, याचं मला जास्त वाईट वाटलं. स्पर्धेवाल्यांकडून तशीही फार अपेक्षा नव्हती.

(आणि फोटो हराम की हलाल, हा वाद कृपया इथे आणू नका. तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थांच्या मोबाईलवर हजचे फोटो मी स्वतः पाहिलेत, त्यांनीच कौतुकाने दाखवले होते.)

या वर्षीच्या स्पर्धेची नोटीस परवा आली. विषय पुन्हा निसर्ग, खाली ठळक अक्षरांत ‘मानवी आकृती नसावी’. मुलीला विचारलं, ती हो म्हणाली, आईही हो म्हणाली. तोच फोटो पाठवते आहे, सोबत भातखाचरांच्या फोटोबद्दल एक पत्र. मुख्याध्यापकांनाही लिहिलं आहे की भिंतीवरचा खिळा अजून तिथेच आहे.