डॉक्टरच्या हाताची परीक्षा

एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपवून डॉक्टर बाँडच्या सेवेसाठी कोरपना तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात रुजू होतो. एकीकडे सिमेंटचे कारखाने, दुसरीकडे माणिकगडचे डोंगर, पलीकडे तेलंगण. समोरचा रुग्ण मराठी बोलेल, तसाच गोंडी, कोलामी किंवा तेलुगूही. वॉर्डात पाठीशी असणारे प्राध्यापक इथे नसतात. या डॉक्टरला काय ठाऊक आहे, यापेक्षा त्याला काय करता येते, हे इथे महत्त्वाचे ठरते. आपल्या परीक्षा नेमके हेच तपासतात का?

प्रात्यक्षिक परीक्षेची जुनी पद्धत अनेकांना ऐकून माहीत असेल. विद्यार्थ्याला एक ‘लाँग केस’ मिळते, एक-दोन ‘शॉर्ट केस’ मिळतात. तो रुग्णाला तपासतो आणि नंतर परीक्षकांसमोर निष्कर्ष मांडतो. प्रत्यक्ष तपासणी चालू असताना परीक्षक बहुधा शेजारी नसतात, म्हणजे गुण मिळतात ते सांगण्याला. शिवाय कुणाला सोपा रुग्ण मिळतो, कुणाला अवघड. हृदयरोग उत्तम ओळखणारा विद्यार्थी बाळंतपणात गोंधळणार नाही, याची हमी एका रुग्णावरून मिळत नाही.

यावर उपाय म्हणून स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये एक पद्धत मांडली. तिचे नाव ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन, वैद्यकीय महाविद्यालयांत तिला ‘ऑस्की’ म्हणतात. दालनात ओळीने ‘स्टेशन’ मांडलेली असतात. प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत एक काम करायचे. घंटा वाजली की पुढे सरकायचे. सर्वांना तीच कामे, तीच गुणतक्ता. परीक्षक समोर उभा राहून पाहतो. काही ठिकाणी प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाची भूमिका करते. स्टेशन जितकी जास्त, तितका नशिबाचा भाग कमी. ब्रिटनमध्ये परदेशी डॉक्टरांसाठीच्या ‘प्लॅब’च्या दुसऱ्या टप्प्यात आज अशी १६ स्टेशन असतात, प्रत्येकी ८ मिनिटांची.

भारतात २०१९ पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने कौशल्यांची नोंदवही आणि स्किल लॅब आणली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘नेक्स्ट’ ही सामायिक परीक्षा आहे. २०२३ च्या नियमावलीत तिचा दुसरा टप्पा प्रात्यक्षिकाचा होता. ती परीक्षा मात्र पुढे ढकलली गेली. तोवर प्रात्यक्षिक कसे घ्यायचे, हे बरेचसे विद्यापीठ आणि महाविद्यालयांच्या हाती आहे. म्हणून चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की गडचिरोलीचे नवे, स्टेशन कोणती मांडायची हा प्रश्न तिथल्या जंगलपट्टीच्या दृष्टीने कळीचा आहे.

काही स्टेशन या भागानेच सुचवावीत. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, पापण्या जड, चावल्याची खूण दिसत नाही. विद्यार्थ्याला मण्यार आठवते का? विषारी दंशाची लक्षणे असल्यास मुलालाही प्रौढाइतकाच प्रतिविषाचा डोस लागतो, हे त्याला ठाऊक आहे का? प्रतिविषाची ॲलर्जी उसळली तर ॲड्रेनालिन लगेच, मांडीच्या स्नायूत देतो का? दुसरे स्टेशन न रडणाऱ्या नवजात बाळाचे. बाळ पुसून, उत्तेजित करूनही श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने श्वास देणे सुरू व्हायला हवे. घड्याळ लावून हे मॅनेकिनवर सहज तपासता येते. तिसरे स्टेशन बोलण्याचे. पती-पत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे घाबरवून न सोडता, दोष कुणाच्या माथी न मारता, दुभाष्याच्या मदतीने सांगायचे आहे. लेखी पेपरात हे कधीच उमगत नाही.

पद्धतीला मर्यादाही आहेत. रुग्णाचे तुकडे पडतात. गुणतक्ता पाठ करून ‘मी हात धुतो’ असे नुसते म्हणणारेही गुण मिळवतात. परीक्षक, भूमिका करणारी माणसे, जागा हे सारे खर्चिक आहे. अमेरिकेने हजार डॉलरहून अधिक शुल्काची आपली राष्ट्रीय प्रात्यक्षिक परीक्षा २०२१ मध्ये कायमची बंद केली. त्याआधी वर्षानुवर्षे तिच्या खर्चावर आणि उपयोगावर टीका होत होती. म्हणून ऑस्की वर्षाअखेरीस एकदाच उरकण्यापेक्षा, वर्षभर वॉर्डात शिक्षकाने प्रत्यक्ष पाहून केलेल्या मूल्यमापनाच्या जोडीला हवी.

कौशल्य नेमके शिकवले आणि तपासले तर काय होते, याचा धडा शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित केलेल्या गावच्या महिला आरोग्यदूतांनी घरी केलेल्या नवजात काळजीमुळे तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांजवळ पदवी नव्हती. ठरावीक कामे त्यांना अचूक करता येत होती.

मग पदवी असलेल्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवायला हरकत काय? परीक्षकांत आरोग्य केंद्रात काम केलेला एक वैद्यकीय अधिकारी असावा, आणि मॅनेकिनचा खर्च महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा. एवढ्याने सुरुवात होऊ शकते. कारण जंगलपट्टीतल्या रुग्णाला मिळणारी पहिली मदत हीच बहुधा त्याची सर्वांत महत्त्वाची मदत असते.